ड्रॉवरमधला मोदक

ताईकडे आलेलं एक पत्र, थोडक्यात:

वय २९, मूळ नगरचा, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, आता खराडीला आयटी कंपनीत. ऑफिसात दरवर्षी गणपती बसतो आणि रोज एकेका टीमकडे आरती असते. इतकी वर्षं हा मागे उभा राहून मोबाइल बघायचा. यंदा आरतीच्या लिस्टमध्ये त्याचंच नाव आलं. नाही म्हणवेना, म्हणून 'व्हायरल झालंय' असं कळवून दोन दिवस सुट्टी टाकली, एचआरने मागितलं म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेटही आणलं. परत आला तर डेस्कवर त्याच्यासाठी उकडीचा मोदक ठेवलेला. खाववेना, टाकवेना. टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि विसरला. दोन दिवसांनी शेजारच्या मॅडमनी स्टेपलर शोधायला ड्रॉवर उघडला तर मुंग्या. मोदक त्यांनीच पहाटे उठून घरून करून आणला होता. त्या काही बोलल्या नाहीत, टिश्यू उचलून घेऊन गेल्या, आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलतात.

ज्या नव्या फेलोशिपला (प्रार्थनेसाठी जमणाऱ्या ख्रिस्ती गटाला) तो जातो तिथले पास्टर म्हणतात प्रसाद हातात घेतला तरी मूर्तिपूजेत भाग घेतल्यासारखं आहे. आई म्हणते एवढं काय त्यात. टीममधले म्हणतात, अरे देव एकच. तो विचारतो, "विश्वास पाळायचा तर लोकांपासून लांब राहावं लागतं, आणि लोकांत राहायचं तर विश्वास पातळ करावा लागतो. ताई, मी काय निवडू? नोकरी सोडून एखाद्या ख्रिस्ती संस्थेत जाऊ का?"

सलाम रे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझं लक्ष त्या टिश्यूवरच अडकलं. तू चार पानं आरती, मूर्तिपूजा, तडजोड असलं मोठं मोठं लिहिलंयस आणि मॅडमचं एका ओळीत उरकलंयस, पण मला वाटतं तुला झोप येत नाहीये ती त्या एका ओळीमुळे.

आधी नोकरीचं. सोडू नकोस, निदान ह्या कारणासाठी तरी नको. ख्रिस्ती संस्थेत गेलास म्हणजे प्रश्न संपतात असं वाटत असेल तर मी तिथे एकवीस वर्षं काढलीयेत, ये एकदा चहाला, सांगते.

आता आरती. तुझ्या मनात जे आहे ते मला बरोबर वाटतं. आरती ही पूजा आहे. ताट हातात घेऊन देवासमोर ओवाळणं हा मॅडमसाठी ऑफिसचा इव्हेंट नाही, आणि खरं तर कोणासाठीच नसावा. आपण एकाच प्रभूची उपासना करतो असं रविवारी म्हणायचं आणि बुधवारी मन नसताना ताट धरायचं, ह्यात आपलं तर खोटं होतंच पण त्यांचंही होतं. उद्या कोणी नाताळात आपल्या चर्चला येऊन, विश्वास नसताना, नुसतं सगळे उठले म्हणून प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेण्याच्या, रांगेत उभं राहिलं तर तुला कसं वाटेल? म्हणजे आरतीला 'नाही' हे उत्तर ठीकच आहे, त्यात कट्टरपणा बिट्टरपणा काही नाही. घोळ झालाय तो तू ते 'नाही' ज्या पद्धतीने दिलंस तिथे.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. इ.स. २५० च्या आसपास रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना यज्ञ-नैवेद्य करायचा आणि सरकारी लोकांकडून तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे दाखले खरोखर सापडलेत. तर काही ख्रिस्ती लोकांनी नैवेद्य केला, काही तुरुंगात गेले, काही मेले, आणि काहींनी मधला रस्ता काढला. नैवेद्य करायचा नाही पण अधिकाऱ्याला पैसे चारून दाखला विकत घ्यायचा. हातही स्वच्छ आणि मानही शाबूत! नंतर छळ थांबल्यावर ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाद पेटला की ह्या दाखलेवाल्यांचं काय करायचं, ते विश्वासातून पडले की नाही पडले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन (जे स्वतः त्या काळात लपून राहिले होते, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली होती) आणि त्यांच्याबरोबरच्या बिशपांनी शेवटी ठरवलं की नैवेद्य करणाऱ्यांइतकं हे मोठं नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही. पश्चात्ताप करा आणि परत या.

तुझं मेडिकल सर्टिफिकेट वाचलं आणि मला हेच दाखलेवाले आठवले. हसू नकोस. आणि उगाच मोठाही होऊ नकोस, तुझ्यावर काही डेशियस चालून आलेला नाही, कोणीतरी एक्सेल शीटमध्ये टीममधली सगळी नावं भरली त्यात तुझंही भरलं गेलं एवढंच. बहुतेक त्याला तू ख्रिस्ती आहेस हे लक्षातही नसेल. आता ते लक्षात का नाही, हा प्रश्न जरा स्वतःला विचार. पाच वर्षं मागे उभा राहून मोबाइल बघणारा माणूस ख्रिस्ती आहे, नास्तिक आहे, की नुसता बोअर झालाय, हे बघणाऱ्याला कसं कळणार?

तर मूर्तिपूजा टाळायला तू खोटं बोललास, एका डॉक्टरला खोटं लिहायला लावलंस, आणि पत्रात ह्याबद्दल तुला काही वाटल्याचं मला कुठे दिसलं नाही. मोदकाने विटाळ होतो आणि खोट्या सर्टिफिकेटने होत नाही?

विटाळ हा शब्द मुद्दाम वापरला. तुझे पास्टर तळमळीने सांगत असतील, मी त्यांना ओळखत नाही, त्यांच्यावर काही म्हणत नाही. पण प्रसाद हातात घेतला की काहीतरी लागतं, चिकटतं, ही जी भीती आहे ना ती मला शास्त्रातून आल्यासारखी वाटत नाही, ती आपल्याच मातीतली आहे. सोवळं-ओवळं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा, आणि मधल्या काळात त्या माउलीने ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात स्वयंपाकपाण्याचं सोवळं सांभाळलं, मग विचार करकरून, जात देवाने केली की माणसाने असं स्वतःशीच भांडून ते टाकलं. आणि आता सव्वाशे वर्षांनी आपण तेच सोवळं मागच्या दाराने चर्चमध्ये आणायचं? फक्त दिशा उलटी. तेव्हा ख्रिस्त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आता हिंदूच्या हातचा मोदक.

पण थांब, इथे मला तुझ्या पास्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी सोयीचं तेवढं सांगतेय असं होईल. बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढ, आठवा अध्याय आणि दहावा, दोन्ही सलग वाच, तुकडे करून नको. तिथल्या लोकांचा प्रश्न अगदी तुझाच होता, मूर्तीला वाहिलेलं खायचं का. पौल आधी म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाल्ल्याने देवाच्या जवळ जात नाही आणि न खाल्ल्याने लांब जात नाही. बाजारातलं मांस घ्या, कोणाकडे जेवायला गेलात तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करत बसू नका. मग तोच पौल म्हणतो की पूजेच्या पंगतीत मात्र बसू नका, प्रभूच्या मेजावर आणि तिकडच्या मेजावर एकाच वेळी बसता येत नाही. आणि पुढे, जर समोरचा मुद्दाम सांगत असेल की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, कोणाच्या तरी मनाला त्यातून चुकीचं समजेल म्हणून. आता मोदक देताना 'घे रे, प्रसाद आहे' असं म्हणतातच की. म्हणजे पास्टरांची बाजू पोकळ नाही. फक्त कारण बघ, मोदकात काही आहे म्हणून नको असं पौल म्हणतच नाहीये, तो समोरच्या माणसाचा विचार कर म्हणतोय. तू ड्रॉवर लावलास तेव्हा समोरच्या माणसाचा विचार केला होतास का?

आमच्या घरची गोष्ट सांगते. नगरला आम्ही वाड्यात राहायचो, सात बिऱ्हाडं, ख्रिस्ती आमचं एकच. शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण असला की आई सकाळपासून तिकडे. रवा भाजायला आईच लागायची, काकूंचा रवा नेहमी एका बाजूने करपायचा. केळी कुस्करून, तूप सोडून शिरा तयार झाला, भटजी आले, पोथी उघडली की आई पदराला हात पुसत घरी. कोणी 'का चाललीस' विचारायचं नाही आणि आईही काही समजावून सांगायची नाही, तिने ते म्हणे लग्न होऊन आली त्याच वर्षी एकदा सांगून टाकलं होतं. मग संध्याकाळी काकू वाटीतून शिरा आणायच्या. आई खायची, आम्हा पोरांना द्यायची. वडील खायचे नाहीत. 'काकू, मला चालत नाही, पोरं खातील' असं तोंडावर सांगायचे, हात जोडून, आणि मग काकूंच्या रेडिओचं बटण दुरुस्त करायला जायचे. एका घरात दोन मतं, आणि त्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही (भांडणं बाकी कशावरूनही व्हायची). पौलाच्याच रोमकरांस पत्रात चौदावा अध्याय आहे, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. ते मी सनडे स्कूलमध्ये पाठ केलं पण समजलं त्या वाटीमुळे.

म्हणून प्रसादाबाबत मी तुला हो किंवा नाही सांगणार नाही. प्रार्थना कर, वाच, जे मनाला पटेल ते धर. मी स्वतः? शिरा खाते, तीर्थ घेत नाही, आणि ह्यामागे माझ्याकडे काही फार मोठं लॉजिक आहे असं समजू नकोस. पण घ्यायचा तर घे आणि खा. नाही घ्यायचा तर देतानाच हसून, हात जोडून 'मॅडम, मला चालत नाही, पण तुम्ही आठवणीने ठेवलात' म्हण. घेऊन लपवणं आणि मग विसरून जाणं, हे ह्या दोन्हींत कुठेच बसत नाही. आणि हो, 'देव एकच' म्हणणाऱ्यांशी कॉफी मशीनजवळ वाद घालू नकोस, ते तुला आपल्यात घ्यायला म्हणत असतात. 'तुम्हाला तसं वाटतं हे मला माहितीये, मी येशूलाच मानतो, म्हणून मन नसताना ताट धरलं तर बाप्पालाही फसवल्यासारखं होईल' इतकं बोललास तरी पुरे. भक्त माणसाला हे लगेच कळतं, अर्धवटालाच कळत नाही.

तू लिहिलंयस की हल्ली स्वतःहून ख्रिस्ती असल्याचं सांगितलं तर लोकांना वाटतं आता हा धर्मांतराचं काढणार. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, दिवस तसे आहेत. पण लपून राहिल्याने तो संशय कमी होतो का वाढतो? फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काही जणांनी विरोध केला, धर्मगुरू कशाला म्हणून. ते त्याआधी कितीतरी वर्षं वसईत हिरवाई वाचवायला लोकांबरोबर रस्त्यावर होते, मराठीत लिहीत होते, आणि आपण फादर आहोत हे त्यांनी कधी झाकलं नाही. विरोध करणारे होते तसे त्यांच्या बाजूने उभे राहणारेही खूप होते, आणि त्यांत हिंदूही होते. तुझ्या बाजूने ऑफिसात कोण उभं राहील हे तू त्यांना कधी कळूच दिलं नाहीस.

बरं, आता करायचं काय. सगळ्यात आधी मॅडम. चॅटवर सॉरी टाकू नकोस, चहाला बोलव आणि सरळ सांग, मी ख्रिस्ती आहे, प्रसादाचं काय करायचं हे मला कळत नव्हतं, तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, तुम्ही पहाटे उठून केलेलं मी वाया घालवलं, चुकलं माझं. मूर्तिपूजेचं विवेचन नको, पौल नको. त्या रागावल्या तर ऐकून घे. रडल्या तरी ऐकून घे.

सर्टिफिकेटचं, मला वाटतं तुझ्या लीडला सांगावं, त्या दोन सुट्ट्या हव्या तर बिनपगारी करा म्हणून. घाबरशील हे मला कळतंय. नोकरी जाईल असं खरंच वाटत असेल तर आधी एखाद्या शहाण्या वडीलधाऱ्या माणसाशी बोल, पण डॉक्टरांना तरी परत असलं मागणार नाही हे आजच कळव.

आणि पुढच्या वर्षीसाठी श्रावणातच, शीट बनायच्या आधी, जो बनवतो त्याला गाठ. 'आरतीत माझं नाव नको, पण दुसरं काम दे.' कामं ढीगभर असतात बघ, मखर, लायटिंग, वर्गणीचा हिशोब (जो कोणालाच करायचा नसतो), विसर्जनाच्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या जेवणाच्या ऑर्डरचा पाठपुरावा. आता ह्यातलं कुठलं पूजेत येतं आणि कुठलं येत नाही हे तुझं तू ठरव, कोणी मखरालाही हात लावणार नाही, कोणाला वर्गणीही नको वाटेल, चालेल. नुसतं 'नाही' सांगून खुर्चीत जाऊन बसलास तर मात्र ते 'नाही' उगाच कडू लागतं. आईचा रवा आठव.

आरतीच्या वेळी तिथे उभं राहायचं का हेही खूप जण विचारतात. बायबलच्या २ राजे ह्या पुस्तकात नामान नावाचा सेनापती आहे, त्याला परमेश्वर कळला, पण नोकरी अशी की राजा रिम्मोनच्या देवळात जाऊन वाकला की ह्याच्या हाताचा आधार घेणार आणि ह्यालाही वाकावं लागणार. तो अलीशा संदेष्ट्याला आधीच सांगून टाकतो, एवढं मला माफ असो. अलीशा लेक्चर देत नाही, शांतीने जा म्हणतो. ह्याचा अर्थ सगळं चालतं असा काढू नकोस, पण अडचण आहे तशी उघड बोलणाऱ्या माणसाला देव हाकलत नाही इतका तरी नक्की काढ. उभं राहायचं तर शांत उभा राहा, मोबाइल खिशात.

लीड ऐकतच नसेल, मुद्दाम जबरदस्ती होत असेल, टोमणे चालू झाले, तर वेगळं. मग एचआरला लेखी कळव. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळायचं आणि सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, ते तुलाही आहे. पण हे शेवटचं पान आहे, पहिलं नाही.

हे असंच मला बाकीच्यांकडूनही येतं म्हणून सांगते. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला जाऊ का म्हणून विचारणारी वसईची एक ताई, आणि उलट बाजूने, मुलगी कॉन्व्हेंटमध्ये आहे, प्रार्थनेला हात जोडायला लावतात, काय करू म्हणणारे साताऱ्याचे एक गृहस्थ. त्यांनाही मी हेच म्हणते, मुलीला गुपचूप ओठ हलवायला शिकवू नका, बाईंना जाऊन भेटा. (आणि ख्रिस्ती शाळा चालवणाऱ्यांनो, तुमच्याकडे असा बाप आला तर त्याला चहा पाजा, तुम्हीही कुठेतरी असेच मागे उभे असता.)

फेलोशिप सोडायची गरज नाही. पास्टरांना मात्र सर्टिफिकेटचं पण सांग, नुसतं मोदकाचं नको. ते काय म्हणतात ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

आणि नाताळात फराळ ने ऑफिसला. प्लम केक सगळेच नेतात, तू आईच्या हातच्या करंज्या, चकल्या, शंकरपाळे ने, तुमच्याकडे होतच असणार. पहिला डबा मॅडमना. त्या नको म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस. फक्त आईला सांग करंज्यांत सुकं खोबरं घाल, ओल्या नारळाच्या फार टिकत नाहीत, आंबतात.

सलाम,
तुझी ताई